ट्रोकार हातात होता, मारला नाही: गोशाळेत उपचार कोणी करायचे?

कुटारवाला (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गोशाळेत आज 64 जनावरं आहेत. निम्मी भाकड, बाकी म्हातारे बैल आणि रस्त्यावरून आणलेली वासरं. 2015 ला गोवंश हत्याबंदी लागू झाली तेव्हापासून फाटकातून आत येणारी जनावरं वाढली, डॉक्टर मात्र तेवढेच राहिले.

मागच्या मंगळवारी रात्री एक बैल फुगला. डावी कूस ढोलासारखी, जीभ बाहेर, मागचे पाय आपटतोय. तालुक्याच्या डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा चार्ज, फोन लागेना. कपाटात ट्रोकार होता, म्हणजे कुशीत खुपसून पोटातला वायू काढायची टोकदार नळी. डॉक्टरांनी तो चार वेळा मारताना मी बाजूला उभं राहून कंदील धरलाय, जागा डोळे मिटून दाखवीन. पण आमच्या विश्वस्तांनी गेल्या वर्षीच बजावलं होतं, की नोंदणीकृत डॉक्टरशिवाय कोणी हत्यार लावलं आणि जनावर मेलं तर गोशाळेवर येईल. ट्रोकार हातात धरून बसलो. पावणेचारला बैल गेला.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984, कलम 30. पशुवैद्यकाचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत माणसाने करायचा. खाली परंतुक आहे, म्हणजे अपवाद, त्यात राज्य सरकार पदविका-प्रमाणपत्रवाल्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली 'किरकोळ सेवा' करायला परवानगी देऊ शकतं. लस, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी वगैरे. चोवीस तास गोठ्यात झोपणाऱ्या माझ्यासारख्याचं नाव त्यात कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच: गोशाळेत राहणाऱ्याला शिकवा, आणि चार कामांची परवानगी कागदावर द्या.

रवंथ

मी पशुवैद्यक आहे, नागपूरच्या कॉलेजातून शिकलेला. बैल गेल्याचं वाईट वाटलं. पण भाऊ, आधी सांगा, त्याने खाल्लं काय होतं?

कुटारवाला

कुटार, म्हणजे भुसा. आणि सकाळी पाहिलं तर गोदामातलं सोयाबीनचं एक पोतं फाटलेलं.

रवंथ

मग दाणे खाल्ले. त्यात फेसाळ पोटफुगी असू शकते. वायू मोकळा नसतो, साबणाच्या फेसासारखा चाऱ्यात अडकलेला असतो. ट्रोकार मारला असता तर नळीतून चार बुडबुडे आले असते आणि तुम्ही म्हणाला असता, चुकीच्या जागी लागला, परत मारू. अशा वेळी गोडेतेल पोटात जावं लागतं. तेही जीभ ओढून, डोकं वर करून पाजलं तर फुप्फुसात जातं आणि जनावर चार दिवसांनी न्यूमोनियाने मरतं. कंदील धरून जागा कळते. पोट का फुगलं ते त्याने कळत नाही.

दुसरं. गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकलंय समजून लोक कोपरापर्यंत हात घालतात. दोन दिवसांनी कळतं की रेबीज आहे. मग अख्ख्या घराला लस. तुमच्या चार कामांत 'घसा तपासणे' येणार की नाही?

झिरो बजेट पण कर्ज फुल

डॉक्टरसाहेब, बराबर आहे तुमचं. पन मले सांगा, तुमचा दवाखाना गावापासून 22 किलोमीटर, आन् पावसाळ्यात नाल्याले पूर आला का तो 50 होते. आमचा बैल काय पूर उतरायची वाट पाह्यते? आमी बापजाद्यापासून हळद-तेल लावून रायलो. कलम 30 आमच्या आज्यानं वाचलं नोयतं.

रवंथ

हळद-तेलाला कोणी अडवत नाही हो. अडवायचं आहे ते दुकानातून आणलेल्या सुईला. कॅल्शियमची बाटली शिरेतून भरभर सोडली की हृदय थांबतं, गाय सुई काढायच्या आत कोसळते. आणि डायक्लोफेनॅक, ते दुखण्यावरचं इंजेक्शन, विसरू नका. जनावरांसाठी 2006 ला बंद झालं, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या. शेवटी 2015 ला सरकारला माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका डोसपुरतं करावं लागलं. ते औषध अंगात असलेलं मेलेलं ढोर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. गडचिरोलीत गिधाडांसाठी उपाहारगृहं, म्हणजे औषध न टोचलेली मेलेली ढोरं ठेवायच्या जागा, काढाव्या लागल्या. सुई देणाऱ्यातल्या कोणालाच वाटलं नव्हतं आपण काही वाईट करतोय.

पदविकाधारक

मी दोन वर्षं पशुसंवर्धनाचा अभ्यास करून पदविका घेतली. परंतुक माझ्यासाठीच आहे. आता 'देखरेखीखाली' हा शब्द बघा. श्रेणी-2 च्या दवाखान्यात पर्यवेक्षकच, म्हणजे आमच्यासारखा पदविकावाला, बसतो, देखरेख करणारे साहेब दुसऱ्या गावात. वासरू आडवं आलं तर शेतकरी आमच्या दारात येतो, साहेब फोनवर "बघ तूच" म्हणतात. वासरू वाचलं तर आकडा साहेबांच्या अहवालात, मेलं तर आम्ही बोगस डॉक्टर. रवंथसाहेब, रागावू नका, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि कुटारवाले भाऊ, तुमच्याशीही माझं भांडण आहे. मी दोन वर्षं घालवूनही मला हत्यार लावायला सही लागते आणि तुम्हाला आठ दिवसांच्या शिबिरात ट्रोकार हवाय?

कुटारवाला

तुम्ही या ना गोशाळेत मुक्कामाला. खोली रिकामी आहे. पगार काय देणार ते मात्र विचारू नका.

शेळीवाली ताई

मी उमेदची, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, पशुसखी. शेळ्यांना लस, जंताचं औषध, नखं कापणं एवढंच करते. मला पहिल्या दिवशी शिकवलं ते काय करायचं नाही ते. पिशवीत यादी आहे, तीन गोष्टी दिसल्या की हात लावायचा नाही, फोन. पहिली, शेळी उठत नसेल. दुसरी, तोंडातून रक्त. तिसरी, एका दिवशी दोन मेल्या. लोक चिडतात, "मग तू कशाला आलीस?" पण ती यादी आहे म्हणून डॉक्टर माझा फोन उचलतात. त्यांना ठाऊक आहे की ही उगाच लावणार नाही.

जखमेत जंतू, म्हणजे अळ्या, पडले तर चिमट्याने काढून औषध भरायला मात्र डॉक्टर कशाला हवा? तिथे मी कुटारवाले दादांच्या बाजूने.

सरळ रेघ

सगळे कायद्यावर घसरलेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचं, 1962 नंबरला फोन केला की येतं त्याचं, प्रमाण ठरलंय एक लाख पशुधनामागे एक गाडी. एक लाख! गाडीत डॉक्टर, मदतनीस, चालक सगळे असतात, कबूल. पण रात्रीची पोटफुगी रांगेत नंबर लावून होत नाही. पदं भरा, परंतुकं नंतर वाचू.

झिरो बजेट पण कर्ज फुल

पदं भराची गोष्ट मी शायेत होतो तवापासून आयकतो राजेहो.

रवंथ

ताईंची यादी मला पटली. जंतू काढा, जखम धुवा, बांधा, त्याला माझी ना नाही. पोटफुगीत जनावराचे पुढचे पाय उंचावर घ्या, तोंडात आडवं लाकूड बांधा म्हणजे चघळत राहील आणि ढेकर निघेल. तेवढ्यात फोन करा. ट्रोकार नाही.

कुटारवाला

आणि फोन लागला, तुम्ही 40 किलोमीटरवर आहात, बैल माझ्यासमोर आडवा पडलाय, तुम्ही फोनवर म्हणालात "मार", तर नंतर तसं लेखी द्याल?

रवंथ

नाही देणार. माझी नोंदणी जाईल.

कुटारवाला

पण "मार" म्हणाल?

रवंथ

रात्री अकरानंतर घरच्या नंबरवर लावा. मेसेज करतो.