सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर: ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेंटेनन्सचं फोल्डर उघडलं की नुसती मोठमोठी चित्रं दिसालीत. तारीख नाही, साईज नाही. एक फोल्डर सरळ केलं की दुसरं परत तसंच. रविवारी ऑडिटरना कागद द्यायचेत. कुणाला जमेल तर सांगा की. विंडोज ११ आहे.

सी-४०१: कंट्रोल आणि शिफ्ट धरून ६ दाबा. डिटेल्स येतं. १ ते ८ असे आठ प्रकार हायत, ५ म्हणजे लिस्ट, २ म्हणजे मोठे आयकॉन. नाहीतर कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवा.

ए-१०२ (सेक्रेटरी): आलं ओ. पण त्या एकाच फोल्डरला. आत अजून चाळीस हायत.

बी-३०४: काका, एकेक करत बसू नका, परत बिघडेल. विंडोज प्रत्येक फोल्डरला पाचांतली एक जात लावतं: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. तुमच्या पावत्या जेपीजी स्कॅन आहेत, म्हणून त्यानं आपल्या मनानं 'पिक्चर्स' धरलं. आधी जात बदला. 'सोसायटी' या मुख्य फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ टॅब. तिथं 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' मध्ये जनरल आयटम्स निवडा. खालच्या 'ऑल्सो अप्लाय धिस टेम्प्लेट टू ऑल सबफोल्डर्स' चौकटीत टिक हवीच, बहुतेकांचं तिथंच राहून जातं. मग ओके.

बी-३०४: आता एक फोल्डर उघडून हवं तसं बसवा. डिटेल्स लावा. वरच्या शीर्षकाच्या ओळीवर राइट क्लिक केलं की कॉलमची यादी येते. नाव, डेट मॉडिफाइड, टाइप, साईज एवढेच ठेवा. त्याच यादीत 'साईज ऑल कॉलम्स टू फिट' आहे, त्यानं लांब नावं तुटत नाहीत. सगळं मनासारखं झालं की वर तीन ठिपके, ऑप्शन्स, व्ह्यू टॅब, 'अप्लाय टू फोल्डर्स', यस. हे बटण फक्त त्याच जातीच्या फोल्डरांना लागू होतं. जात न बदलता दाबलं तर पिक्चर्सवाली फोल्डर जशीच्या तशी राहणार. लोक म्हणतात 'विंडोज ऐकत नाही', त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

ए-१०२ (सेक्रेटरी): झालं! फक्त डाऊनलोड्समध्ये 'टुडे', 'यस्टरडे', 'लास्ट वीक' असे गठ्ठे अजून दिसालेत.

बी-३०४: डाऊनलोड्सची जात वेगळीच आहे, ती या पाचांत येत नाही. त्याच फोल्डरमध्ये जाऊन वर सॉर्ट, ग्रुप बाय, नन.

सी-२०३: अक्का बोलतेय. बागेच्या आणि गणपतीच्या फोटोंचं फोल्डर उघडताना वर हिरवी पट्टी सरकत राहते, मिनिटभर काही दिसत नाही. तेपण ह्यातच येतं का?

बी-३०४: हो अक्का. फोल्डर पिक्चर्स म्हणून लावलं असलं, वर 'डेट टेकन'वर क्रम लावलेला असला, की विंडोज प्रत्येक फोटोच्या पोटात शिरून तारीख वाचतं. दोन हजार फोटो असले की ती पट्टी सरकणारच. जनरल आयटम्स करा आणि क्रम नावावर लावा. लगेच उघडेल.

डी-१०१: चित्रं नकोच असतील तर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये पहिल्याच ओळींत 'ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' आहे. पण ते त्या लॉगिनच्या सगळ्याच फोल्डरांना लागतं, मग फोटो शोधताना बोंब. मी तरी ती टिक लावणार नाही. त्यापेक्षा ऑल्ट आणि पी दाबा, उजवीकडे निवडलेल्या फाईलचं प्रिव्ह्यू येतं. पावती न उघडता रक्कम वाचता येते.

ए-१०२ (सेक्रेटरी): बरं, आता खरी गंमत. जुन्या कमिटीच्या काही फाईलींची नावं अशी हायत की वाचताच येईनात. पोटात कन्नड पत्रं हायत, महानगरपालिकेची. नाव मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता काला.

डी-१०१: जुन्या नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलेलं नाव असणार. मराठीत जुन्या श्रीलिपीचं होतं तसंच. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजी कोडचीच असतात, वर फक्त कन्नडचा मुखवटा. वर्डमध्ये फॉन्ट निवडला की कन्नड दिसतं. फाईलच्या नावाला असा वेगळा फॉन्ट देता येत नाही, म्हणून मुखवटा गळून पडतो. फोल्डरची कुठलीही सेटिंग करून हे सुधारणार नाही. नाव युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या कन्नड अक्षरांत, नव्यानंच टाइप करावं लागतं.

डी-१०१: त्यासाठी सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अॅड अ लँग्वेज. मराठी आणि कन्नड दोन्ही घ्या, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडा. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. F२ म्हणजे एफ टू दाबून नाव बदला.

सी-४०१: तिन्ही भाषेत नावं ठेवली तर यादीत आधी आकडे, मग इंग्रजी, मग मराठी, मग कन्नड असे तीन-चार मोहल्ले होतात. लाईट बिल एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत लिहिलं की दोन टोकांना. निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्या ऑफिसांत हेच दिसतंय 😄

बी-३०४: म्हणून नावाची सुरुवात आकड्यांनीच करा, वर्ष-महिना-दिवस. नमुना: २०२५-०७-१२ हेस्कॉम जिना, म्हणजे वीज कंपनीचं जिन्याचं लाईट बिल. प्रत्यक्षात आकडे इंग्रजी घ्या, इथं मी मराठीत लिहितोय एवढंच. महिन्याचं नाव लिहिलंत तर ऑक्टोबर ऑगस्टच्या आधी बसतो आणि डिसेंबर फेब्रुवारीच्या. तारखेत तिरपी रेघ चालत नाही, विंडोज नावात ती घेतच नाही. आडवी रेघ वापरा.

ए-३०२: डेट मॉडिफाइडवर क्रम लावला तर पुरेसं नाही का?

बी-३०४: नाही वहिनी. ती फाईलची तारीख, बिलाची नव्हे. जुलैचं बिल सप्टेंबरात स्कॅन केलं की सप्टेंबर. व्हॉट्सअॅपवरून उतरवलं की उतरवलेला दिवस. 'डेट क्रिएटेड' तर त्याहून फसवी, पेन ड्राइव्हवर कॉपी केली की आजची तारीख लागते.

ए-३०२: आमच्याकडे मॅक आहे. त्यात कमांड आणि जे दाबून 'यूज अॅज डिफॉल्ट्स' केलं होतं. पण तो पेन ड्राइव्ह ऑफिसात लावला तर सगळीकडे डीएस स्टोअर नावाच्या फाईली दिसल्या.

डी-१०१: त्या मॅकच्या फाईंडरनं सोडलेल्या असतात, फोल्डर कसं दाखवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. विंडोजला त्यांचा उपयोग नाही, डिलीट केल्या तरी चालतात. मात्र विंडोजची 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' दिसली तर हात लावू नका. फोल्डरचा बदललेला आयकॉन त्यातच नोंदलेला असतो.

सी-२०३: कोर्टाच्या कागदांच्या फोल्डरला लाल आयकॉन देता येईल?

डी-१०१: त्याच कस्टमाइझ टॅबमध्ये 'चेंज आयकॉन'. पण फाईल खरोखरच्या आयसीओ प्रकारची पाहिजे, पीएनजीचं नुसतं नाव बदलून भागत नाही. आणि ती फाईल एका ठिकाणी ठेवा. डेस्कटॉपवर ठेवून नंतर साफ केलीत की फोल्डर परत पिवळं.

सी-४०१: एक राहिलंच. व्ह्यू, शो, 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू ठेवा. बंद असलं की 'पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाईल नुसती 'पावती डॉट पीडीएफ' दिसते. ईएक्सई म्हणजे पावती नव्हे, प्रोग्रॅम; उघडला की व्हायरस शिरू शकतो. ऑफिसच्या मेलवर असली येतात, आणि वॉचमनपासून खजिनदारापर्यंत सगळे तोच कॉम्प्युटर वापरतात. फक्त नाव बदलताना डॉटनंतरची शेवटची तीन-चार अक्षरं पुसू नका.

ए-१०२ (सेक्रेटरी): मस्त. आता हे असंच पेन ड्राइव्हवर घालून ऑडिटरना देतो.

बी-३०४: दिसणं बरोबर जात नाही काका. कॉलम, क्रम, डिटेल्स हे त्या कॉम्प्युटरच्या त्या लॉगिनमध्ये राहतं. खजिनदारांचं लॉगिन वेगळं असेल तर त्यांनाही परत करावं लागेल. पेन ड्राइव्हवरून जातं ते नाव.

ए-१०२ (सेक्रेटरी): म्हणजे तीनशे नावं बदलू? रविवारच्या आत?

बी-३०४: मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे, त्यात पॉवररिनेम. सगळ्या निवडून एकदम शोधा-बदला करता येतं, आधी नमुना दाखवतं. चुकलं तर लगेच कंट्रोल झेड. पण आधी विचारतो, एक्सेलच्या रजिस्टरमध्ये पावत्यांच्या लिंक घातल्यात का?

ए-१०२ (सेक्रेटरी): घातल्यात की, मागच्या तीन वर्षांच्या.

बी-३०४: मग त्या वर्षांना हात लावू नका, नाव बदललं की लिंक तुटेल. यंदाच्या १ एप्रिलपासूनच्या तेवढ्या बदला. आणि त्याआधी पूर्ण फोल्डरची एक कॉपी बाजूला.

ए-१०२ (सेक्रेटरी): यंदाच्या साठ-सत्तरच हायत. संध्याकाळी बसतो.

डी-१०१: कन्नड पत्रं मला पाठवा, नावं मी टाइप करून देतो.