मदत हवी आहे: पोर्ट वाईन आणि पोर्तुगीज खाणं, कुठे राहावं?

सायली_पुणे
लिस्बनची जाण्या-येण्याची तिकिटं काढून झाली. पोर्ट वाईन जिथे तयार होते तिथे जाऊन चाखायची आहे आणि त्या भागातलं खाणं खायचं आहे, टुरिस्ट मेनू नको. कुणी म्हणतं पोर्तोतच राहा, कुणी म्हणतं पोर्तोत नुसती गर्दी, दोरूच्या खोऱ्यात जा. याच आठवड्यात हॉटेल बुक करायचं आहे. कुठे किती रात्री आणि कोणती तळघरं, एवढंच सांगा. लवकर सांगा प्लीज.

घाटवाट
महिना कोणता? एकूण किती दिवस? किती जण? गाडी घेणार की ट्रेन? एवढं कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

फोंडेकर
गोव्यात पोर्ट वाईन ढिगाने मिळते हो. आमच्याकडे नाताळात घरोघरी असते. त्यासाठी एवढा खर्च कशाला?

घाटवाट
@फोंडेकर, गोव्यातली गोड वाईन वेगळी. पोर्ट फक्त दोरू खोऱ्यातल्या द्राक्षांची, आणि त्या भागाची हद्द 1756 मध्येच आखली गेली. रस आंबत असताना मधेच त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोडही असते आणि 19-20 टक्क्यांची कडकही.

डब्लिनचा_बंड्या
माझं ऐका, पोर्तो सोडा आणि मदेरा बेटावर जा. लिस्बनहून फुंशालला विमानाने दोन तासही लागत नाहीत. पूर्वी तिथल्या वाईनची पिंपं जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून भारतापर्यंत जायची, आणि परत आलेली वाईन जास्त चांगली लागते असं लक्षात आलं. आता तीच ऊब माळ्यावर ठेवलेल्या पिंपांना वर्षानुवर्षं देतात. सेर्सियाल कोरडी, मग व्हर्देल्यो, बोआल, आणि सगळ्यांत गोड माल्व्हाझिया, या क्रमाने चाखा. जोडीला तव्यावर भाजलेला, लसूण-लोणी लावलेला बोलो दो काको. काळ्या एश्पादा माशावर तळलेलं केळं घालून देतात, तेही खाऊन बघा. पोर्तोला सगळेच जातात.

घाटवाट
बंड्याशेठ, त्यांनी पोर्ट विचारली आहे. आणि फुंशालला जोराचा वारा सुटला की विमानं उतरतच नाहीत. छोट्या सहलीत ही जोखीम मी तरी घेणार नाही.

डब्लिनचा_बंड्या
वारा काही रोज नसतो. मी गेलो तेव्हा काहीही अडचण आली नाही.

मिरजेची_मावशी
व्हिसा झाला का? शेंगेनला 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. माझ्या भाचीचं त्यावरूनच अडलं होतं.

सायली_पुणे
व्हिसा झालाय. मदेरा नको. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडं आणि चीज चालतं, पण दूध विरजायचं रेनेट प्राण्याचं नको. गाडी नवरा चालवेल. आता तरी सांगा.

घाटवाट
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! सप्टेंबरअखेर म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम. खोऱ्यातल्या खोल्या भराभर संपतात आणि दरही चढे असतात. आधी खोऱ्यातल्या पिन्यांव गावातली खोली धरा, बाकीचं मागाहून.
आणि गाडी नको. रेगुआ ते पिन्यांव रस्ता नदीकाठाने वळत जातो. दारूची मर्यादा रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम आहे, लायसन्स नवं असेल तर 0.2. नवऱ्याने दिवसभर नुसता वास घ्यायचा का?

सह्यकडा
असहमत. गाडीशिवाय वरची गावं हातची जातात. फाव्हायुश पिन्यांवच्या वर डोंगरात आहे, तिथली मोश्कातेल ही गोड वाईन आणि तिथला पाव दोन्ही चुकवू नयेत असे. चाखलेली वाईन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरावं.

घाटवाट
फाव्हायुशला टॅक्सी करता येते. थुंकून घाटात गाडी चालवा हा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

लिस्बनवासी_अनघा
मी इथेच राहते. सासूबाईंबद्दल आधी लिहिते, कारण तेच सगळ्यांत अवघड आहे. काल्दो व्हेर्द हे कोबीवर्गीय पाल्याचं आणि बटाट्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण वर शोरीसोची (डुकराच्या सॉसेजची) चकती तरंगत असते. ती काढून दिली तरी चव उतरलेली असते. सूप मागण्याआधी विचारा. साधं भाज्यांचं सूप, मक्याचा ब्रोआ पाव, ऑलिव्ह, ऑम्लेट, सॅलड हे बहुतेक ठिकाणी निभावतं. पाश्तेल द नाता या कस्टर्डच्या टार्टच्या पारीत काही जण डुकराची चरबी घालतात, तेव्हा तेही विचारूनच घ्या.
चीजचं मात्र छान जमेल. लिस्बनपासून तासाभराच्या आत अझैतांव गाव आहे. तिथलं मेंढीच्या दुधाचं मऊ चीज रानटी आर्टिचोकच्या फुलाने विरजतात, प्राण्याचं रेनेट नसतं. वरची चकती कापायची आणि चमच्याने खायचं. त्याच गावात सेतुबालची मोश्कातेलही चाखायला मिळते, संत्र्याच्या सालीचा वास येणारी. पहिल्या दिवशी तिथेच जा.
हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी वाईट मानत नाही.

फोंडेकर
अवांतर: मदेरात नाताळला व्हिनागर-लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस करतात. आमचं विंदालू त्याचंच भावंड. सासूबाईंना अर्थातच नको.

सायली_पुणे
अनघाताई, खूप आभार. अझैतांव नक्की. आता पोर्तोत कोणतं तळघर? तिथे किमान दहा तरी दिसताहेत.

लिस्बनवासी_अनघा
तळघरं पोर्तोत नाहीत, नदीपलीकडे विला नोव्हा द गायात आहेत. दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत जा. दिवसाला दोन पुरेत, तिसऱ्यात जीभ काही सांगत नाही. ग्रॅहम्स जरा लांब आणि चढावर आहे, पण तिथून दिसणारी नदी आणि सावकाश चाखायला मिळणारा वेळ मला आवडतो. टेलर्समध्ये कानात ऑडिओ लावून आपल्या गतीने फिरता येतं, सासूबाईंना ते सोपं जाईल. रुबी आणि 20 वर्षांची टॉनी, हे पोर्टचे दोन प्रकार शेजारी शेजारी मागा. रुबीत ताजं फळ लागतं. टॉनी लाकडी पिंपात राहून रंगाने विटकरी झालेली असते आणि चवीला अक्रोड-अंजिरासारखी.
तुम्हा दोघांसाठी: फ्रान्सेझिन्या हे सँडविच एकीत दोघांनी खा, मांसाचे थर, वितळलेलं चीज आणि बियरचा रस्सा, एकट्याला जड जाते. बाकाल्याव (खारवलेला सुका कॉड मासा) खायचा तर गोमेश द सा पद्धतीचा, तो पोर्तोचाच.

घाटवाट
पोर्तोहून पिन्यांवला ट्रेनने साधारण अडीच तास. उजवीकडची खिडकी धरा, रूळ नदीच्या उत्तर काठाने जातात. स्टेशनच्या भिंतीवर द्राक्षतोडणीची निळी टाइल्सची चित्रं आहेत. किंता दो बोंफीं हा द्राक्षमळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. काही मळ्यांत अजून पायाने द्राक्षं तुडवतात. मी पाहिलं तेव्हा माणसं ग्रॅनाइटच्या हौदात मांडीपर्यंत उभी होती, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि एक जण पावलं मोजून पुकारत होता. आधी दोन तास तसं, मग वाद्य सुरू होतं आणि ज्याला हवं तसं नाचायचं. कुठल्या मळ्यात बघायला मिळेल ते आजच ईमेल करून विचारा.

सायली_पुणे
ठरलं. लिस्बन, मग पोर्तो, मग दोन रात्री पिन्यांव. खोली आत्ताच धरली. बाटल्या किती आणता येतील? कुठली आणू?

घाटवाट
माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. टॉनी आणा, उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. व्हिंटेज पोर्ट उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते.

डब्लिनचा_बंड्या
मदेरा उघडल्यावरही कित्येक महिने टिकते. लिस्बनच्या दुकानात मिळेल, एक तरी घ्या.