लकवा: आधी सीटी स्कॅन, मग मालिश

एका ताईंनी विचारलंय, लकवा मारला तर आधी मालिशवाल्याकडे न्यावं की दवाखान्यात? ताई, आधी दवाखाना, आणि तोही सीटी स्कॅन असलेला.

आमच्या आबांचं सांगतो. यावलजवळ केळीच्या बागेत सकाळी चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातून बशी निसटली, ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळला, जीभ जड झाली. कुणी म्हणालं, अंगावरून वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा. त्यातच दुपार झाली. जळगावला पोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत, साडेचार तास, उलटून गेली होती. आज चार वर्षं झाली, सदऱ्याचं बटण आईच लावून देते. ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की फुटली, हे बाहेरून कळत नाही, सीटी स्कॅनमध्ये कळतं, आणि दोन्हींचे उपचार अगदी उलटे. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पाणीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं. त्रास सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. 108 ला फोन लावा. उशीर झाला तरी न्याच, मोठी वाहिनी बंद असेल तर काही रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते.

व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडून लवकर सुरू करा. आणि बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. आबांनी तीच बंद केली होती.