बाबांची 22 फुटी फायबर होडी: ट्रान्सम मऊ, मशीन जाम. दुरुस्त करू का नवी बांधू?

खाडीकाठ, देवगड

नमस्कार मंडळी. बाबांनी 2003 मध्ये मालवणात 22 फुटी फायबर होडी बांधून घेतली होती. त्यांचे गुडघे गेल्यावर ती ओढून माडांखाली झापांच्या मांडवात ठेवली, ती अजून तिथेच आहे. मला ती परत दर्यात घालायची आहे. काम मोठं नाही. बांगडा, तारली, पेडवे यांची जाळी, किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांच्या आत, आणि वारा असला की खाडीत.

आजची अवस्था अशी: नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) उजव्या बाजूला जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, जाळीसारख्या बारीक भेगा. तळाला फोड आलेत, एक दाबला तर फुटून आंबूस वासाचं पाणी आलं. मशीन लावतो त्या ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या भिंतीला, क्लॅम्पच्या जागी खड्डे पडलेत, अंगठ्याने दाबलं की फायबर आत जातं. तळफळीखालचा फोम ओला. मशीन जुनी दोन स्ट्रोक, रॉकेलवर चालणारी, दोरी ओढली तर हलतच नाही.

गावात एक जण म्हणतो टाकून दे, नवा साचा घे. दुसरा म्हणतो पुट्टी मार, रंग दे, पावसाळी मासेमारी बंदी उठली की 1 ऑगस्टला पाण्यात घाल. मित्र म्हणतो 40 अश्वशक्तीची मशीन लाव, मग बघ. मे सुरू झालाय, पाऊस यायच्या आत काय काय होईल ते सांगा. बाबांना होडी विकायची नाही आणि मलाही नाही.

दर्याकिनारा, हर्णे

फायबर जुनं झालं की भरवसा नाही रे. पण 22 फुटी चांगली लांबी आहे. तळ धड असेल तर 40 नाही तरी 25 ची लाव. परतताना वारा नाकावर आला की ताकद हातात असलेली बरी.

फायबर मिस्त्री, मालवण

खाडीकाठ, टाकू नकोस. त्या वर्षांतल्या आमच्याकडच्या होड्यांचे तळ जाड आहेत, मॅट (काचतंतूंची चटई) आणि रोविंग (काचतंतूंचं विणलेलं कापड) यांचे थर हात राखून दिलेले नाहीत. फायबर सहसा कुजत नाही, कुजतं ते त्याच्या पोटातलं लाकूड. तुझ्या होडीत नेमकं ते ट्रान्सममध्ये आहे. मशीनचा सगळा रेटा ट्रान्सम घेतो. तो लाटेत सुटला तर मशीन जाते आणि तिच्या मागून पाणी आत येतं. वर पुट्टी मारून रंग द्यायला सांगणाऱ्याने स्वतःच्या पोराला त्या होडीतून पाठवलं असतं का, एवढंच विचार.

आधी कुजलंय किती ते बघ. रुपयाचं नाणं घे आणि ट्रान्समवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कडक आवाज येतो. कुजलेल्या जागी बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे खडूने गोल कर. मग आतल्या बाजूने, बाहेरून नाही, 5 मिमीचा ड्रिल हळू घाल आणि भुसा बोटावर घेऊन बघ. कोरडा, पिवळट भुसा आला तर लाकूड जिवंत. काळपट, ओला चिखल आला तर मेलं. सगळ्यात खाली, तळाला टेकतो त्या कोपऱ्यात नक्की बघ, पाणी तिथेच साचतं. भोकं नंतर बुजवता येतात, त्याची काळजी नको.

आता मशीनबद्दल. हर्णेवाल्या भावाचा अनुभव खरा आहे, पण त्यांच्याकडच्या होड्यांचा तळ वेगळा. तुझी होडी पाणी कापत जाणारी आहे, पाण्यावर उचलून पळणारी नाही. अशा होडीचा वेग तिची लांबीच ठरवते. पाण्यालगतची लांबी 20 फूट धर. 20 चं वर्गमूळ साधारण साडेचार, त्याला 1.34 ने गुण, सहा नॉट येतात. त्यापुढे जोर लावलास तर मागचा भाग बसतो, नाळ वर उठते आणि पेट्रोल नुसत्या लाटा उठवण्यात जातं. होडीसकट माणसं, जाळी, बर्फ, मासळी मिळून सव्वा टन धरलं आणि टनाला पाच अश्वशक्ती दिली तरी सहा-सात होतात. 9.9 मध्ये वाऱ्याला आणि ओहोटीच्या ओढीला पुरेल एवढी शिल्लक राहते. शिवाय वजन बघ. 9.9 ची मशीन 40 किलोच्या आसपास, 40 ची सत्तरच्या वर, आणि चार स्ट्रोक घेतलीस तर शंभराच्या घरात. एवढं ओझं बारक्या होडीच्या मागच्या टोकाला लटकवायचं आणि वर पेट्रोलही जास्त जाळायचं. तुझे पैसे ट्रान्सममध्ये घाल, अश्वशक्तीत नको.

मशीनवाला, वेंगुर्ला

जाम मशीनची दोरी जोराने ओढू नकोस, रिंगा मोडतात. प्लग काढ, दोन्ही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल सोड आणि चार-पाच दिवस तशीच ठेव. मग वरचं चाक हाताने, थोडं पुढे थोडं मागे, असं हलवून बघ. सुटली तर कॉम्प्रेशन मोज. आकडा किती आला त्यापेक्षा दोन्ही सिलिंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर उघडावी लागणार.

खालच्या गिअरचं तेल काढून बघ. दुधासारखं पांढरं आलं तर सीलमधून पाणी शिरलंय. आणि हेड उघडलंस की पाणी फिरतं त्या वाटा बघ. मिठाने नुसत्या बुजल्या असतील तर साफ होतात, पण कडेचं ॲल्युमिनियमच खाल्लं असेल तर त्या मशीनवर पैसा घालू नकोस, सुट्या भागांसाठी ठेव.

चालू झालीच तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर न बघताच बदल. वर्षानुवर्षं एका जागी वाकून पडलेलं रबर सरळ होत नाही. रॉकेलवर चालवणार असशील तर सुरू पेट्रोलवर कर, तापली की रॉकेलवर घे, आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणून कार्बोरेटर धुऊन काढ. हे न केल्याने दुसऱ्या दिवशी सुरू न होणाऱ्या मशीन माझ्याकडे कायम येतात. स्वस्त रॉकेल आता पूर्वीसारखं मिळतही नाही, तेव्हा नवी घ्यायची झाली तर पेट्रोलचीच घे.

खाडीकाठ, देवगड

मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितलं तसं केलं. वरचा एक हात भाग टणक वाजला. खाली दोन्ही कोपरे आणि मधला भाग बद्द. मधे ड्रिल घातला तर भुसा आलाच नाही, तपकिरी पाणी धारेने वाहिलं. बाबा खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "मशीन थरथरायची ती यामुळेच."

तेवढाच खालचा भाग बदलला तर चालेल का? आणि रेझिन पॉलिएस्टर की इपॉक्सी? दुकानदार दोन्हींचं कौतुक करतो.

फायबर मिस्त्री, मालवण

तेवढाच भाग बदलून चालणार नाही. अर्धा जुना, अर्धा नवा प्लाय जोडलास तर रेटा त्या जोडावर येतो. सगळा काढ.

बाहेरची कातडी तशीच राहू दे, होडीचा आकार तीच धरून ठेवते. आतून ग्राइंडरने चौकोन काप, कडेला तीन बोटं फायबर ठेवून. लाकूड छिन्नीने निघेल, खालचं तर हाताने येईल. मग आतून घासून फायबर चांगलं पांढरं होईपर्यंत खरवड. ओला फोमही सगळा काढून टाक. मग सुकू दे. ही पायरी लोक टाळतात आणि मग दोन वर्षांत पुन्हा माझ्याकडे येतात. सुकलं की नाही बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव आणि उन्हात दिवसभर ठेव. आतून थेंब धरले तर अजून ओलं आहे. तळाचे फोड आहेत तिथेही जेलकोट घासून फोड उघडे कर, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धू, आणि हीच परीक्षा घे. तो आंबूस वास फायबरमध्ये झिरपलेल्या पाण्याचा आहे. तो असेपर्यंत वरून काहीही लावू नकोस.

प्लाय 710 छापाचाच घे, म्हणजे आयएस 710, मरीन. बीडब्ल्यूआर छापाचा प्लाय घरातल्या ओट्याला ठीक, होडीला नाही. 18 मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटव, वर फायबर चढलं की जाडी 45 मिमीच्या जवळ जाते. पण त्याआधी मशीनचा क्लॅम्प किती उघडतो ते मोज. प्लायच्या कडा हीच पाणी शिरायची वाट, म्हणून बसवण्याआधी पातळ रेझिन पाजून पाजून त्या बंद कर. बाहेरच्या कातडीला चिकटवताना मधे हवा राहू देऊ नकोस. बोल्ट घालून आवळ, आणि चारी बाजूंनी माल बाहेर आला की समज बसला. कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई दे, कारण मॅट काटकोनात वळत नाही, मागे पोकळी राहते. त्यावर मॅट, रोविंग, मॅट असे थर बाजूंवर आणि तळावर वीतभर तरी चढव, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेऊन.

रेझिनचं म्हणशील तर, प्लाय चिकटवायला इपॉक्सी सरस, यात वाद नाही. पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर आणि साधा जेलकोट नीट धरत नाही, आणि साध्या मॅटमधला बाइंडर इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणजे त्याला कापड वेगळं, वर रंगही दोन डबे मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन). हात बसलेला नसताना तू ते दोन्ही मिसळू नकोस. आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर घे आणि सगळं त्यातच कर. खर्च आवाक्यात राहील आणि काम टिकेल.

मे महिन्यात किलोला दहा मिलीपेक्षा जास्त हार्डनर घालू नकोस, एका वेळी अर्ध्या किलोवर माल कालवू नकोस, नाहीतर डब्यातच गरम होऊन दगड होतो. काम मांडवाच्या सावलीत, सकाळचं दव सुकल्यावर. मॅट प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरात ठेव, दमट हवा पिते. आणि हे नीट वाच: कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव, आधीच घातलेलं रेझिन माग. वेगळं मिळालं तर कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच हार्डनर घाल. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच, हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाबांना त्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसव.

बंदरावर, रेवदंडा

कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. होडी इतकी वर्षं बंद होती, तर नोंदणी आणि मासेमारी परवाना कुठे अडकलाय ते आत्ताच मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन बघ. आता सगळं रिअलक्राफ्ट या होड्यांच्या नोंदणी-परवान्याच्या सरकारी पोर्टलवर असतं. मशीन बदललीस तर नवीन मशीनचा नंबर आणि अश्वशक्ती नोंदवून घे, जुन्या बिलासकट. नोंदणी बाबांच्या नावावर असेल तर त्यांनाही सोबत ने. बंदी 31 जुलैला संपते, शेवटच्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते. लाइफ जॅकेट जितकी माणसं तितकी, आणि घालायची, नुसती होडीत ठेवायची नाहीत.

खाडीकाठ, देवगड

सगळ्यांचे आभार. मशीन चार दिवस तेलात ठेवून सुटली, पण हेड उघडल्यावर पाण्याच्या वाटा खाल्लेल्या दिसल्या. मशीनवालेदादा, तुमचंच ऐकतो, सुट्या भागांना ठेवतो. नवी 9.9 पेट्रोलची बघतोय. शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याची) घेऊ की लाँग? दुकानात लाँग शिल्लक आहे म्हणून तीच घे म्हणतायत.

फायबर मिस्त्री, मालवण

दुकानात काय शिल्लक आहे ते बघू नकोस, ट्रान्सम मोज. मधोमध वरच्या काठापासून तळापर्यंत. 15 इंच असेल तर शॉर्ट, 20 असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर रेटा वाढतो आणि खाडीत वाळूला घासते. नवा ट्रान्सम तू बांधतोच आहेस, तर आत्ताच उंची हवी तशी ठेवता येईल, मात्र काठ खाली आणू नकोस. मागून येणारी लाट त्याच काठावरून आत येते.

बोल्ट 316 स्टीलचे. भोक आधी मोठं पाड, रेझिनच्या पुट्टीने भर, सुकल्यावर त्यातून बोल्टाच्या मापाचं नवीन भोक घे, म्हणजे पाण्याला लाकूड सापडणार नाही.

पाण्यात घातल्यावर नेहमीएवढी जाळी आणि माणसं भरून पूर्ण थ्रॉटल दे आणि मशीनचे मिनिटाचे फेरे मोज. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या खाली राहिले तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे जातो ते माप) एक इंच कमी कर, साधारण दीड-दोनशे फेरे वाढतात. रिकाम्या होडीवर मोजून पंखा ठरवू नकोस. ट्रान्समची आतली बाजू उघडलीस की फोटो टाक, प्लाय कापायच्या आधी.