पायलटची टंचाई खरंच आहे का? मुलीला या लाईनला पाठवावं का नको?

साताराकर:
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, फिजिक्स मॅथ्स दोन्ही आहे, आणि नववीपासून एकच धोशा, पायलट व्हायचंय. परवा पुण्यात एका अकॅडमीच्या सेमिनारला जाऊन आलो, तिथं स्क्रीनवर एअर इंडियाची ४७० विमानांची ऑर्डर, इंडिगोची ५०० ची असं सगळं दाखवलं, म्हणाले देशात पायलटच नाहीत, लायसन हातात आलं की नोकरी धरूनच चाला. खर्च विचारला तर साठ लाखांच्या पुढे आणि टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायचं ट्रेनिंग, ते वेगळं. मी झेडपीत शिक्षक, मिसेस अंगणवाडीत. एक प्लॉट आहे तो विकायचा आणि वर कर्ज काढायचं असं चाललंय डोक्यात. पण मेव्हणा म्हणतो त्यांच्या सोसायटीतला एक पोरगा लायसन घेऊन घरी बसलाय. टंचाई असेल तर तो घरी कसा? आतलं माहीत असणाऱ्यांनी स्पष्ट सांगा, पोरीचं मन मोडायचं नाही पण घरही बुडवायचं नाही.

उजवी_सीट:
काका, मी ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. टंचाई आहे, पण ती कॅप्टनची, २०० तासवाल्या नवीन पोरांची नाही, आणि सेमिनारवाले नेमकं हेच सांगत नाहीत. सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन, २०० तासांच्या फ्लाइंगवर मिळतं, कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन लागतं आणि त्याला कमीत कमी १५०० तास, कंपन्या त्याहून जास्तच मागतात, म्हणजे आज भरती केलेला पोरगा डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर जायला काही वर्षं जाणारच, पैसे ओतून ते घाईनं होत नाही. आणि नवीन माणूस घेतला तरी त्याला सिम्युलेटर लागतो, मग लाईन ट्रेनिंगला, म्हणजे प्रवासी घेऊन उडत शिकताना, शेजारी ट्रेनिंग कॅप्टन लागतो, तेच मुळात मोजके. त्यामुळे कंपनीला माणसं हवी असतात तरी एका वेळी थोडीच आत घेता येतात, बाकीचे दाराबाहेर. तुमच्या मेव्हण्यांच्या सोसायटीतला मुलगा त्यातलाच.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या ते आठवत असेल. नोव्हेंबरपासून ड्यूटीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग्ज ६ वरून २. नियम आधीच जाहीर होते, कंपनीनं तेवढे पायलट तयार ठेवले नाहीत. टीव्हीवर त्याला टंचाई म्हणाले, माझ्या मते तो नियोजनाचा घोळ होता. नियम मात्र योग्यच आहेत, सलग नाइट करून पहाटे चारला लँडिंगसाठी विमान खाली आणताना डोळे कसे जड होतात ते करणाऱ्यालाच कळतं.

एनडीबी_७७:
घरी बसलेल्यांपैकी मी एक. काका, कर्जाचा हप्ता नोकरीची वाट बघत नाही. आणि लायसन नुसतं कपाटात ठेवून चालत नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना नुसत्या यंत्रांवर उडवायची परवानगी, दरवर्षी रिन्यू करावी लागते, त्याला परत फ्लाइंग, परत पैसे. व्हेकन्सी निघते तेव्हा बऱ्याचदा टाइप रेटिंग असलेलेच हवे असतात, म्हणजे आणखी पंधरा वीस लाख, तेही नोकरीची गॅरंटी नसताना. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा हजारो तासांचे अनुभवी लोक बाजारात आले, त्यांच्यासमोर फ्रेशरला कोण विचारणार. २०१९ ला जेट एअरवेज गेली, लगेच कोविड आला. या धंद्यात दर काही वर्षांनी असा दणका बसतोच, तो कधी बसेल ते कुणाच्या हातात नाही. लेखी, सायकोमेट्रिक म्हणजे मानसिक चाचणी, सिम्युलेटरवरची परीक्षा, सगळ्याची तयारी चालू आहे, सोडणार नाही. पण घरचा एकुलता एक प्लॉट विकून करू नका एवढं कळकळीनं सांगतो.

ढगवेडी:
मी इन्स्ट्रक्टर आहे. नोकरीच्या आधी स्कूल नीट निवडा, निम्मे पैसे आणि वेळ तिथंच जातो. दोन वर्षांत सगळं होतं असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात ढग इतके खाली असतात की आठवडाभर विमान हँगरबाहेर निघत नाही, एखादा पार्ट बाहेरून यायचा म्हणून एक विमान महिना महिना उभं, आणि फळ्यावर एका इन्स्ट्रक्टरपुढे पंधरा नावं. पोरं सकाळी साडेपाचला युनिफॉर्म घालून येतात, दुपारी न उडता रूमवर जातात, भाडं आणि मेस चालूच. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्लाइंग स्कूल्सची पहिली क्रमवारी काढली, ३५ पैकी ए प्लस आणि ए मध्ये एकही नाही, १३ बी मध्ये आणि २२ सी मध्ये. ॲडमिशनआधी स्वतः जाऊन बघा, गोंदिया, बारामती, शिरपूर कुठंही असो. किती विमानं आज उडण्याच्या स्थितीत आहेत आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांचे २०० तास पूर्ण झाले ते शिकणाऱ्या पोरांनाच विचारा, ऑफिसात नको. सगळी फी एकदम भरायला लावत असतील तर उठून या.

आणि मुलगी म्हणून काळजी करू नका, आपल्याकडे साधारण १५ टक्के पायलट बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे.

साताराकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. @एनडीबी_७७ तुम्ही एवढं मोकळेपणानं लिहिलंत, लवकर सिलेक्शन होऊ दे. आता एकच, प्लॉटला हात न लावता सुरुवात करता येते का? तिला चष्मा आहे, मायनस दीडचा.

उजवी_सीट:
येते ना काका. चष्म्यानं अडत नाही, रंग नीट ओळखता यायला हवेत. आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची पहिली वैद्यकीय तपासणी करा, मग क्लास वन, ती जास्त कडक, कमर्शियल लायसनला लागते, दोन्ही पैसे भरायच्या आधी. खूप जण फी भरून मग मेडिकलला अडकतात. त्यानंतर बारावी झाली की डीजीसीएचे लेखी पेपर घरी राहून देऊ दे, नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल. पासिंग ७० टक्क्यांना आहे. क्लास लावला तरी काही लाखांत भागतं आणि हे पेपर फ्लाइंगच्या आधी देता येतात. मेडिकल आणि पेपर दोन्ही निघाले तर मग कर्जाचं बघा, तेही घरातले दोन पगार हप्ता ओढू शकतील एवढंच. सोबत बीएस्सी किंवा बीकॉम बाहेरून चालू ठेवायला सांगा. करिअर म्हणाल तर मी पुन्हा हेच निवडीन, पगार चांगला आहे आणि काम मनापासून आवडतं. पण मला नोकरी लागेपर्यंतचा काळ आईबाबांनी पगारावर ओढला, जमीन राहिली म्हणून ओढता आला. क्लास टू साताऱ्यात होणार नाही, डीजीसीएच्या साइटवर डॉक्टरांची यादी आहे, पुण्यातले बघून अपॉइंटमेंट घ्या आणि चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद सोबत न्या.