मदत हवी आहे: काउंटीच्या साइटवर लग्नाची नोंदच सापडत नाही (तातडीचं)

घाईत_आहे
नमस्कार. काउंटीच्या वेबसाइटवर मॅरेज रेकॉर्ड शोधतोय. माझं नाव टाकलं, बायकोचं टाकलं, दोन्ही आडनावं उलटसुलट करून बघितली. दर वेळी 'काही सापडलं नाही'. फोन केला की होल्डवर ठेवतात आणि कट होतो. मॅरेज सर्टिफिकेट याच आठवड्यात हवंय. ऑनलाइन मागवता येतं का? कुणाला नक्की माहीत असेल तर लगेच सांगा. गूगल करून झालंय.

चौकस
कुठलं राज्य, कुठली काउंटी, लग्न कधी झालं आणि सर्टिफिकेट कशासाठी हवंय? अमेरिकेत तीन हजारांवर काउंट्या (तिथले जिल्हे) आहेत हो.

पेठकर_काका
स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ खाली नोंदणी करायची असेल तर आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यावर ३० दिवस हरकतींसाठी. मग तीन साक्षीदार घेऊन जायचं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा मूळ प्रतींसह न्यावा.

घाईत_आहे
काका, भारताचा काही संबंध नाही. लग्न इथेच झालंय, टेक्सास, डॅलस काउंटी. मागच्याच महिन्यात.

मैना
राज्य सरकारकडून मागवा ना. ऑस्टिनला व्हायटल स्टॅटिस्टिक्सचं (जन्म-मृत्यू-विवाह नोंदींचं) ऑफिस आहे, तिथे सगळ्या टेक्सासच्या नोंदी असतात. काउंटीच्या मागे कशाला लागता?

लोनस्टार_लेले
मैनाताई, टेक्सासात तसं नाही. राज्याच्या ऑफिसात १९६६ पासूनची नुसती सूची आहे. त्यावरून ते 'अशा दोन व्यक्तींच्या लग्नाची नोंद आहे' असं पडताळणीचं पत्र देतात. ती प्रमाणित प्रत नव्हे, आणि बऱ्याच ठिकाणी ते पत्र चालत नाही. प्रमाणित प्रत फक्त ज्या काउंटी क्लर्कने लायसन्स (लग्नाआधी काढायचा विवाह परवाना) दिलं त्याच्याकडे मिळते.

आणि धागाकर्ते, बहुधा तुमचा घोळ इथेच आहे. लग्न डॅलस काउंटीत झालं म्हणताय, पण लायसन्स कुठून काढलं? टेक्सासच्या कुठल्याही काउंटीतलं लायसन्स राज्यभर चालतं, पण नोंद राहते ती लायसन्स देणाऱ्या काउंटीतच. हॉल कुठे होता, होम कुठे पेटला, याने काही फरक पडत नाही.

घाईत_आहे
लायसन्स मॅकिनीला काढलं. आम्ही फ्रिस्कोला राहतो. लग्न अर्विंगला झालं म्हणून डॅलसमध्ये शोधत होतो. आता कॉलिन काउंटीच्या साइटवर बघितलं. तिथेही नाही!!

चौकस
मॅकिनी म्हणजे कॉलिन, बरोबर. (फ्रिस्को अर्धं कॉलिनमध्ये, अर्धं डेंटनमध्ये, त्यामुळे तिकडचे लोक हमखास गोंधळतात.) पासपोर्टवर नाव कसं आहे? 'आडनाव' रकाना रिकामा आहे का?

घाईत_आहे
नावाचा काय संबंध? बायकोच्या पासपोर्टवर आडनाव रिकामं आहे, तिघं एकत्रच छापलेत, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव.

चौकस
संबंध तोच आहे. रकाना रिकामा असला की अमेरिकन व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि अख्खं नाव आडनावात जातं. क्लर्क समोरच्या ओळखपत्रावरून टाइप करतो. मग सूचीत त्या 'माहेरचं आडनाव' खाली सापडत नाहीत, स्वतःच्या पहिल्या नावाखाली सापडतात. शोधताना असं करा:
- आधी फक्त तुमचं आडनाव, नावाचा रकाना कोरा.
- मग तिचं पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात.
- मग 'एफएनयू' नावाच्या रकान्यात.
- लग्नाची तारीख टाकू नका. लायसन्स काढल्यापासून आजपर्यंतचा काळ टाका.
- लग्नानंतरचं आडनाव टाकून काही मिळणार नाही. नोंद लग्नाआधीच्या नावाने असते.

वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून जातं, कधी पहिल्या नावाला जोडून. कुलकर्णी, देशपांडे यांची स्पेलिंगंही दोन-तीन तऱ्हेची होतात, म्हणून फक्त पहिली चार अक्षरं टाइप करून शोधावं.

बेएरियावाली
लायसन्सच्या अर्जावरच लग्नानंतरचं नाव लिहायचा रकाना असतो, तो भरला होता का? नसेल तर पुढे अवघड जातं, नंतर दुरुस्ती म्हणून ते नाव घालता येत नाही.

लोनस्टार_लेले
तो कॅलिफोर्नियाचा नियम. टेक्सासच्या लायसन्सवर नवीन नाव येतच नाही. इथे नाव बदलायला प्रमाणित प्रत घेऊन आधी सोशल सिक्युरिटी ऑफिस, मग ड्रायव्हिंग लायसन्स, असा क्रम. राज्यं मिसळू नका, धागा वाचणारा तिसराच कुणीतरी फसेल.

बेएरियावाली
मिसळत नाहीये, माहिती देतेय. एवढं चिडायला काय झालं?

नियमावली
एवढी उस्तवार कशाला? टेक्सासात 'डिक्लरेशन ऑफ इन्फॉर्मल मॅरेज' नावाचा फॉर्म आहे. दोघांनी ओळखपत्र घेऊन काउंटी क्लर्कपुढे शपथेवर सांगायचं की अमुक तारखेपासून आम्ही नवरा-बायको म्हणून टेक्सासात एकत्र राहतो आणि तसं लोकांना सांगतो. समारंभ नाही, ७२ तासांचं थांबणं नाही. नोंद होते, प्रमाणित प्रत मिळते.

लोनस्टार_लेले
अहो, यांनी रीतसर लायसन्स काढलंय, विधी झालाय. त्यावर आणखी एक शपथपत्र म्हणजे एकाच लग्नाचे दोन कागद, कदाचित दोन तारखा. उद्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीत कुठली तारीख सांगणार? तो फॉर्म ज्यांनी लायसन्स काढलंच नाही त्यांच्यासाठी.

नियमावली
तारीख तीच लिहायची. कायद्यात बसतं.

लोनस्टार_लेले
पण लग्न तर विधीने झालं. शपथेवर काय लिहिताय ते वाचा तरी. असो. धागाकर्ते, मुख्य प्रश्न राहिलाच: लग्नानंतर सही केलेलं लायसन्स काउंटीला परत कोणी पाठवलं? गुरुजींनी की तुम्ही?

घाईत_आहे
परत का पाठवायचं? गुरुजींनी सही करून आमच्याकडे दिलं. सोनेरी कडा आणि सरकारी शिक्का असलेला कागद आहे, घरीच आहे. सर्टिफिकेट क्लर्क वेगळं देतो ना?

चौकस
सापडलं!

लोनस्टार_लेले
मग नोंद नाही हे बरोबरच आहे, साइटचा दोष नाही. तो कागद लायसन्स आहे. तो क्लर्ककडे परत गेला की त्याची नोंद होते, आणि नोंद झालेल्या त्याच कागदाची प्रमाणित प्रत म्हणजे तुमचं सर्टिफिकेट. वेगळं असं काही छापून येत नाही. आता हे करा.

१. फ्रेममध्ये घातलं असेल तर आधी बाहेर काढा. विधी करणाऱ्याचा भाग पूर्ण भरलाय का बघा: विधीची तारीख, विधी ज्या *काउंटीत* झाला तिचं नाव, गुरुजींचं नाव, पद, सही. काउंटीच्या जागी हमखास गावाचं नाव लिहिलं जातं. तिथे 'डॅलस' हवं, 'अर्विंग' नको आणि 'कॉलिन'ही नको.

२. चूक असेल तर स्वतः खोडू नका, व्हाइटनर तर मुळीच नाही. क्लर्कला आधी विचारा. कागद खराब झाला असेल तर कायद्यात दुबार लायसन्सची सोय आहे, त्यावर गुरुजींची सही पुन्हा घ्यावी लागेल.

३. तारखा तपासा. लायसन्स दिल्याच्या वेळेपासून ७२ तासांनी विधी करता येतो आणि ९० दिवसांच्या आत व्हावा लागतो. सोमवारी सकाळी दहाला काढलं तर गुरुवारी दहानंतर.

४. विधी करणाऱ्याने ३० दिवसांत लायसन्स *देणाऱ्या* क्लर्ककडे परत करायचं असतं. जबाबदारी कायद्याने त्यांची, पण कागद नेऊन कोण देतो याची काउंटरवर सहसा कुणी चौकशी करत नाही. टपालाने नको, हाताने नेऊन द्या. तिथेच प्रमाणित प्रती मागा. काही ठिकाणी लगेच नोंदवून देतात, काही ठिकाणी थोडे दिवस लागतात. मूळ कागद नोंद होऊन घरी परत येतो, तेव्हा फ्रेमला काही तोटा नाही.

घाईत_आहे
तीस दिवस पुढच्या आठवड्यात भरतात. उशीर झाला तर लग्न रद्द?

लोनस्टार_लेले
नाही. परत न करणं हा विधी करणाऱ्याचा दंडनीय गुन्हा आहे. लग्न वैध राहतं, उशिरा दिलं तरी नोंद होते. पण उशीर करू नका.

डॅलसचा_भटजी_नव्हे
गुरुजींकडे राज्याचा परवाना होता का? नसेल तर सगळंच बाद.

चौकस
टेक्सासात विधी करणाऱ्यांची सरकारी नोंदणीच नाही, परवाना आणणार कुठून? धार्मिक संस्थेने ज्याला लग्न लावायचा अधिकार दिलाय तो चालतो. शिवाय जोडप्याने प्रामाणिकपणे विश्वास ठेवला असेल तर अधिकारातल्या त्रुटीमुळे लग्न बाद होत नाही, तसं कलमच आहे. व्हर्जिनियात मात्र सर्किट कोर्टाची ऑर्डर लागते, तुम्ही तिकडचं ऐकलं असेल. आणि हो, साक्षीदारही टेक्सासात लागत नाहीत, कुणी ते खूळ काढायच्या आत सांगतो.

पेठकर_काका
अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्यायला विसरू नका. भारत २००५ पासून हेग कराराखाली आहे. टेक्सासचं अपोस्टिल ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, कागदामागे १५ डॉलर. काउंटी क्लर्कच्या सहीची मूळ प्रमाणित प्रत लागते, झेरॉक्स किंवा नोटरी केलेली प्रत नाही.

चौकस
काका, या खेपेला अचूक, पण यांना ते लागतंय का हेच अजून कळलेलं नाही. पुन्हा विचारतो: सर्टिफिकेट कशासाठी?

घाईत_आहे
कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये बायकोचं नाव घालायचंय. आणि तिचं एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-४ (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) करायचंय.

मैना
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं हो!! इन्शुरन्सला लग्नाच्या तारखेपासून साधारण ३० दिवसांची खिडकी असते, काही प्लॅन जास्त देतात. त्या मुदतीत *अर्ज* जायला हवा. कागद मागाहून दिला तर चालतो का ते एचआरला आजच ईमेलने विचारा, तोंडी नको. सही केलेल्या लायसन्सचा फोटो तोवर जोडा. खिडकी चुकली तर थेट ओपन एनरोलमेंटपर्यंत (प्लॅन बदलायच्या वार्षिक मुदतीपर्यंत) थांबावं लागेल. काउंटीपेक्षा हे जास्त तातडीचं आहे.

लोनस्टार_लेले
मैनाताईंशी शंभर टक्के सहमत (आज पहिल्यांदाच). एच-४ साठी आय-५३९ ला (व्हिसाचा प्रकार बदलायच्या अर्जाला) नोंद झालेल्या सर्टिफिकेटची साधी झेरॉक्स पुरते, अपोस्टिल नको. प्रमाणित प्रती तीन घ्या: एक सोशल सिक्युरिटी आणि ड्रायव्हिंग लायसन्सला दाखवायला, एक भारतीय पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालताना, एक घरात. अपोस्टिल भारतात खरंच कुठे मागितलं तरच करा.

नोंद झाल्यावर प्रत हातात घेऊन तिथल्या तिथे नावं अक्षर न् अक्षर वाचा. चूक सापडली तर दोघांनी नोटरी केलेलं शपथपत्र द्यावं लागतं. ते मूळ नोंदीला दुरुस्ती म्हणून जोडलं जातं, मूळ टाइप बदलत नाहीत. म्हणजे पुढे प्रत्येक प्रतीसोबत ते शेपूट येणार.

घाईत_आहे
एचआरला ईमेल केली. रकान्यात काउंटीच्या जागी 'अर्विंग'च लिहिलंय. उद्या मॅकिनीला जाऊन क्लर्कलाच विचारतो.

पेठकर_काका
गुरुजींचा फोन नंबर सोबत असू द्या. पुन्हा सही लागली तर धावपळ नको.

नवीन_सभासद_२
याच धाग्यात विचारते. आमचं लग्न न्यू जर्सीत झालं, एडिसनला लायसन्स, विधी दुसऱ्या गावात. म्हणजे नोंद एडिसनलाच शोधायची ना, वर लिहिल्याप्रमाणे?

चौकस
नाही, तिथे उलटं. न्यू जर्सीत काउंटी नसते या कामात, गावाचा लोकल रजिस्ट्रार असतो, आणि नोंद *विधी झालेल्या* गावात राहते. त्या गावाच्या रजिस्ट्रारकडे जा, नाहीतर ट्रेंटनच्या राज्य ऑफिसकडे अर्ज करा. गावाचं नाव आणि तारीख लिहा, पुढचं सांगतो.