अनुभव धागा : किमान वेतन हातात किती पडतं, घराला लागतं किती?

किमान वेतनाचा आकडा कारखान्याच्या फलकावर लागतो. त्यात चौघांचं घर चालतं का, हे मात्र फलक सांगत नाही. मस्टर (हजेरीपट), पगारपत्रक, दावे यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी लिहा. हवं तर टोपणनावाने, पण आकड्यांसकट लिहिलंत तर बरं.

वाणसामान :
किमान वेतन ठरवायला १९५७च्या भारतीय श्रम परिषदेचं सूत्र अजून पायाभूत धरतात. कमावता १, बायको ०.८, दोन मुलं ०.६ प्रमाणे, मिळून ३ एककं (एक एकक म्हणजे एका कमावत्याचा आहार). सातव्या वेतन आयोगाने यावरूनच यादी केली : एका एककाला रोज धान्य ४७५ ग्रॅम, डाळ ८० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम, दूध २०० मिली. घराचा महिना झाला ४२.७५ किलो धान्य, ७.२ किलो डाळ, ३.६ किलो तेल, १८ लिटर दूध. आपल्या वाण्याचे भाव लावून बघा. कापड वर्षाला ७२ यार्ड, म्हणजे महिना साडेपाच मीटर. म्हातारे आईबाप या हिशेबात कुठेच नाहीत! किमान वेतनाची नवी पद्धत सुचवणाऱ्या केंद्राच्या २०१९च्या सत्पथी समितीने एककं ३.६ धरली, पण एका एककाचे रोजचे उष्मांक (कॅलरी) २७०० वरून २४०० वर आणले.

त्रैराशिक :
खरी मेख पुढे आहे. अन्न, कापड, भाडं यांच्यावर इंधन-दिवाबत्ती-किरकोळ २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने शिक्षण, औषधपाणी, सण, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के घातले. हे टक्के एकूण वेतनाचे आहेत, वरच्या बेरजेचे नव्हेत. बेरीज १२,००० आली तर ती एकूण वेतनाच्या ५५ टक्के. ०.५५ने भागा : २१,८१८. नुसते ४५ टक्के वर चढवले तर १७,४००. वाटाघाटीच्या टेबलावर ४,४१८ रुपये असे गुपचूप जातात. शिवाय सूत्रातलं भाडं सरकारी घरकुल योजनेचं, चाळीतल्या खोलीचं नाही.

मस्टरकारकून :
महाराष्ट्रात मूळ वेतन अधिक विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारा) मिळून किमान वेतन. भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, त्या महिन्यांची पगाराची पावती आवर्जून बघा. जुनाच दर चालू ठेवणं ही सर्वात सोपी चोरी. दुसरी भागाकारातली. मासिक १३,००० असेल तर दिवसाचा दर काढताना २६ने भागायचं, ५०० येतात. ठेकेदार ३०ने भागतो, ४३३.३३ काढतो आणि हजेरी २६ दिवसांचीच देतो. महिन्याला १,७३३ गेले. ओव्हरटाइम : ५०० भागिले ८ म्हणजे तासाला ६२.५०, दुप्पट १२५. ‘सिंगल ओटी’ (जादा तासाला साधाच दर) हा प्रकार कायद्यात नाही.

पासबुक :
कामगाराचा पीएफ १२ टक्के, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का. मालकाचा वाटाही पगारातूनच कापलेला पुष्कळदा दिसतो. पावती आणि यूएएनचं (पीएफ खात्याच्या क्रमांकाचं) पासबुक शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत कळतं. बँकेत पूर्ण पगार टाकून रोखीने परत घेणारे कागदावर सापडत नाहीत. तिथे एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे ते विचारायचं.

कट्टा :
विड्या वळणाऱ्या बायकांचं विसरू नका. दर हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे असतो. पानं भिजवणं, कापणं याचा वेळ वेगळा धरत नाहीत. कारखानदाराने पान कमी दिलं तर बाई पदरचं विकत आणते, वर ‘छाट’ (खराब) म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. हजारी दर बरोबर असूनही दिवसाची मजुरी किमान वेतनाखाली जाते ती अशी.

दावेदार :
किमान वेतनाच्या जुन्या कायद्याच्या जागी आलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. कमी दिलेल्या वेतनाच्या दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली. भरपाई थकबाकीच्या दहापटीपर्यंत. पैसे दिल्याचं सिद्ध करायचं काम मालकाचं. तरी हजेरीचा स्वतःचा पुरावा हवाच, कारण ‘हा आमच्याकडे नव्हताच’ हा पहिला बचाव असतो. गेटपास, गणवेशातला फोटो, शिफ्टचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा. ठेकेदार पळाला तर ज्याच्या आस्थापनेत काम केलं त्या कंपनीलाही अर्जात पक्षकार करा.

वाणसामान :
@त्रैराशिक, ०.५५चं आज कळलं. माझ्या तक्त्यात सगळीकडे बेरजेवरच टक्के लावलेत, दुरुस्त करतो.